तव्यावरचे पापलेट आणि सोबत भाजी

पहिल्यांदाच मासे तळणार असाल, तर मध्यम आकाराचे पापलेट घ्यावे, कारण त्यात बारीक काटे फारसे नसतात आणि त्याचे पांढरे मांस लवकर शिजते. अंग बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर तो मासा घेऊ नये.

तुकड्यांना मीठ, हळद, तिखट, आले-लसणाचे वाटण आणि चमचाभर आगळ (कोकमाचा घट्ट रस) लावून १५ मिनिटे ठेवावे. तेवढ्या वेळात फरसबी आणि गाजर बारीक चिरून, जिऱ्याच्या फोडणीवर झाकण ठेवून वाफवून घ्यावे. तळलेला मासा भाजीसाठी थांबला की त्याचा कुरकुरीतपणा जातो, म्हणून भाजी आधीच तयार हवी.

मासा तव्याला चिकटून तुटतो, ही नवशिक्यांची सर्वांत मोठी अडचण असते, आणि तिचे मूळ बहुधा ओलाव्यात व घाईत असते. म्हणून धुतल्यावर, मसाला लावण्यापूर्वीच, तुकडे स्वच्छ फडक्याने नीट टिपावेत. तळायच्या अगदी आधी ते तांदळाचे पीठ आणि बारीक रवा यांत घोळवावेत, कारण आधीपासून घोळवून ठेवल्यास पीठ ओले होते. बिडाचा तवा चांगला तापल्यावरच तेल सोडावे आणि मध्यम आचेवर तुकडे एकमेकांपासून अंतर ठेवून मांडावेत. त्यानंतर ३ ते ४ मिनिटे त्यांना मुळीच हलवू नये. खालची बाजू खरपूस झाली की तुकडा आपोआप सुटतो, आणि सुटत नसेल तर अजून मिनिटभर धीर धरावा. दुसरी बाजूही तशीच भाजून, काट्याजवळचे मांस पांढरे व अपारदर्शक दिसताच उतरवावे. लिंबू ताटातच पिळावे.