सह्या आहेत, सही करणारा नाही

खारघरच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: भिवंडीतल्या एका वाहतूकदाराचा २०१२ सालचा टाटा ४०७ त्यांनी कळंबोलीच्या दलालामार्फत घेतला. पैसे बँकेतून दिले. दलालाने मालकी हस्तांतराचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, नुसत्या सह्या असलेले, कोरे, हातात ठेवले. ‘बॉडी झाली की एकदमच नावावर करू’ म्हणत गाडी चौदा महिने रबाळ्याच्या फॅब्रिकेटरकडे राहिली. आता मागे पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि छतावर सोलर आहे, जूनमध्ये बायको-मुलांसह लडाख गाठायचंय. दरम्यान आठ महिन्यांपूर्वी मूळ मालक वारले. एजंट म्हणतो, फॉर्मवर चालू महिन्याची तारीख टाकू, काम होऊन जाईल. वाचकाचा प्रश्न: कॅम्पर म्हणून नोंद कशी करून घ्यायची?

जुना टेम्पो घेऊन त्याचं फिरतं घर करणाऱ्यांची अशी पत्रं हल्ली बरीच येतात आणि प्रत्येकाला बॉडीचीच काळजी असते. बदलाला मंजुरी लागते हे तुम्हाला ठाऊक आहे, कलम ५२ तुम्हीच पत्रात लिहिलंय. तुमची गाडी अडलीय ती त्याच्या दोन कलमं आधी.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. हे ३० दिवस तुम्ही हसण्यावारी नेलेत. याच कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो. नवीनकुमार खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. पैसे देऊन गाडी ताब्यात घेतल्यावर वस्तूविक्रीच्या कायद्याने ती तुमची झाली, हे खरं. पण कलम ५२ मधला अर्ज मालकाने करायचा असतो आणि आरटीओच्या लेखी मालक आजही ते वारलेले गृहस्थच आहेत. मग अर्ज घ्यायचाच कोणाकडून?

एजंटच्या सल्ल्याबद्दल स्पष्ट बोलतो. माणूस आठ महिन्यांपूर्वी गेला आणि फॉर्मवर तारीख या महिन्याची, म्हणजे तो बनावट दस्तऐवज झाला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३३६ बनावटीबद्दल आहे आणि असा कागद खरा म्हणून वापरणं ३४० मध्ये येतं. आरोपी एजंट एकटा होणार नाही, अर्जावर सही तुमची असेल. बरं, विक्रीची खरी तारीख टाकली तर? तो कागद विक्रीचा पुरावा म्हणून उपयोगी आहे, जपून ठेवा. मृताच्या नावाने हस्तांतर मात्र त्यावर पुढे सरकणार नाही.

दलालाला एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याचं आरटीओचं अधिकारपत्र होतं का, आणि गाडी ताब्यात घेताना २९-सी फॉर्म भरला होता का? एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत असा अधिकृत विक्रेता मालक मानला जातो आणि हस्तांतराचे अर्ज तोच करू शकतो. तसं असेल तर तुमचं नशीब चांगलं. कोरे फॉर्म वाटणाऱ्याकडे हे असेल असं मला वाटत नाही.

मग वारसांकडे जाणं आलं. मृत्यूचा दाखला आणि वारसांची प्रतिज्ञापत्रं लावून आधी फॉर्म ३१ वर गाडी वारसाच्या नावे करायची. नियमाप्रमाणे हा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत व्हायला हवा होता, त्यामुळे उशिराचा खुलासा आणि दंड येईल. त्यानंतर वारसाकडून तुमच्या नावे २९-३०, आजच्या तारखेचे. आरसी बुकवर कर्जाचा बोजा असेल तर तो फॉर्म ३५ ने आधी उतरवा.

वारस नाही म्हणाले तर दिवाणी दावा आहे. ठाण्यात किंवा बेलापूरला दावा लावला की नोटिसा बजावण्यातच पावसाळा जाईल, पुढच्या तारखा तर विचारूच नका. म्हणून वारसांना त्यांचाही धोका समजावून सांगा. गाडीने कुणाला उडवलं, तर अपघात न्यायाधिकरण आरसी बुकवरचं नाव बघतं आणि भरपाईची नोटीस वडिलांच्या मिळकतीपर्यंत, म्हणजे त्यांच्याच दारात येते. हे कळल्यावर बरेच वारस सही करतात.

तुम्ही मालकाच्या नावानेच ऑनलाइन विमा भरत राहिलात, त्यांच्या मृत्यूनंतरही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अशा पॉलिसीवर मिळेल यावर मी पैसे लावणार नाही. १९९६ च्या कंप्लीट इन्शुलेशन्स खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका हीच आहे की नुकसानीचा विमा गाडीबरोबर आपोआप जात नाही. त्यात आरसीवर अजून मालवाहू गाडी, आणि मागे पलंगावर मुलं. २००२ च्या आशा राणी निकालानंतर मालवाहू गाडीत फुकट बसलेल्यांची भरपाई सहसा विमा कंपनीच्या गळ्यात पडत नाही. ती तुमच्या गळ्यात.

बॉडीबद्दल थोडक्यात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था त्याची चाचणी करतात. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक गटात मोडते, तेवढी बाजू तुमची. रबाळ्याच्या फॅब्रिकेटरकडे मंजूर आराखडा आहे का, ते लेखी विचारा. नसेल तर काय ठेवता येईल आणि काय उतरवावं लागेल, हे गाडी बघणाऱ्या निरीक्षकावर बरंचसं अवलंबून आहे. बेकायदा बदलाला कलम १८२-अ मध्ये दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. तेव्हा नाव लागेपर्यंत त्या गाडीला एक खिळाही नवा मारू नका आणि जूनचं बुकिंग रद्द करा.

वारसांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. बँकेच्या उताऱ्याची प्रत आणि दलालाची पावती बरोबर ठेवा. त्यांनी वरून काही रक्कम मागितली आणि ती वाजवी असली, तर द्या, पण बँकेतूनच, आणि सर्व वारसांच्या सह्यांच्या पावतीवर. एकट्या थोरल्या मुलाच्या सहीवर समाधान मानू नका.