ज्वारीतला टारफुला : आधी ओळखा, दुप्पट तणनाशक मारू नका

प्रश्न : हलक्या, वाळूसर रानातल्या खरीप ज्वारीत माळावरच्या गवतात दिसतं तसं पांढऱ्या फुलाचं वीतभर रोप उगवलंय. ओल असूनही ज्वारी माना टाकते. दुकानदार म्हणतो, तणनाशक दुप्पट मारा. काय करावं?

उत्तर : वर्णन टारफुल्याचं आहे, म्हणजे ज्वारीच्या मुळावर जगणाऱ्या परजीवी तणाचं; तरी खात्री करा. पानं हिरवी, अरुंद, हाताला खरखरीत; फुलाची नळी मध्येच वाकलेली. फुलाखालच्या हिरव्या पुष्पकोशावरच्या उभ्या शिरा भिंगातून मोजल्या तर जातीप्रमाणे ५, १० किंवा १५ भरतात. उपाय मात्र एकच. हिरवं पान अजिबात नसेल तर तो बंबाखू, हे दुसरं परजीवी तण. तो तंबाखू-वांग्यावर येतो, ज्वारीवर नाही. एक रोप ज्वारीच्या ताटासकट खणून मुळं पाण्यात धुवा, टारफुला ज्वारीच्या मुळाला चिकटलेला दिसेल.

दुकानदाराचं ऐकू नका. टारफुला वर येण्याआधी महिना-दीड महिना मुळातून अन्नपाणी ओढतो. फूल दिसल्यावर काहीही फवारा, झालेलं नुकसान भरून येत नाही. ॲट्राझिन हे तणनाशक दुप्पट मारलं तर मागून येणारा हरभरा जळेल. टू-फोर-डी हे तणनाशक वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर किंवा द्राक्षावर गेलं तर त्यांची पानं आकसतील. झिंक, टॉनिक, बुरशीनाशक यांचा इथे काडीचा उपयोग नाही. पुन्हा सांगतो, दुप्पट मात्रा नको.

फुलायच्या आधी उपटा, दर आठवड्याला फेरी मारा. एका रोपाला हजारो बिया धरतात आणि त्या मातीत दहा वर्षांहून जास्त टिकतात. फुललेलं रोप उपटून बांधावर टाकलं तरी बी पिकतं, म्हणून जाळा. उकिरड्यात नको, जनावरांनाही नको. शेणातून बी परत रानात येतं.

उपाशी जमिनीत टारफुला माजतो. हेक्टरी ८० किलो नत्र द्या, निम्मं पेरणीबरोबर, निम्मं ३० दिवसांनी; हा दुसरा हप्ता एकरी सुमारे ३५ किलो युरिया. पाऊस ओढला असेल तर थांबा. एकदम पोतं ओतू नका.

पुढच्या हंगामात ज्वारीवर ज्वारी घेऊच नका. भुईमूग किंवा कपाशी घ्या. ज्वारीच लागत असेल तर ओळींमध्ये चवळी हवीच. तिच्या मुळांच्या स्रावाने टारफुल्याचं बी उगवतं, पण चवळीच्या मुळाला चिकटता न आल्याने मरतं. दरवर्षी केलं तरच मातीतला बियांचा साठा घटतो.

बियाणे अनुदानाचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. अटी सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) समजून घ्या.

माळावरच्या गवतातला टारफुला फवारू नका, त्यात चारा जाईल. बांधालगतचा तेवढा फुलाआधी उपटा.