वाचकांचे प्रश्न : परदेशी शेव्हर आणि घरचे सॉकेट

प्रश्न : माझा मुलगा कुवेतमध्ये आणि धाकटा भाऊ लिस्बनमध्ये असतो. चवथीला दोघेही घरी आले आणि दोघांनीही माझ्यासाठी इलेक्ट्रिक शेव्हर आणले. कुवेतच्या चार्जरच्या तीन चपट्या पिना आमच्या सॉकेटात जात नाहीत. लिस्बनच्या दोन बारीक गोल पिना जातात, पण प्लग लोंबकळतो आणि चरचर आवाज येतो. प्लग कापून आपला साधा प्लग बसवावा का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : कृपया कापू नका. कारण पुढे सांगतो, पण त्याआधी चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचावीत. तिथे ‘इनपुट’ या शब्दापुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असेल, तर तो चार्जर जगात जवळपास कुठेही चालतो. आपल्याकडे आणि पोर्तुगालमध्ये २३० व्होल्ट, तर कुवेतमध्ये २४० व्होल्ट वीज असते आणि तिन्हीकडे ती ५० हर्ट्झचीच असते, त्यामुळे तुमच्या दोन्ही शेव्हरची अडचण विजेची नसून केवळ पिनांची आहे.

लिस्बनच्या प्लगची पिन ४ मिलिमीटर जाडीची असते, तर आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटाची भोके ५ मिलिमीटरहून किंचित जाड पिनेसाठी केलेली असतात. दोन पिनांमधले अंतर जवळपास सारखे असल्याने प्लग आत जातो खरा, पण आतल्या पितळी पट्ट्या त्याला घट्ट धरत नाहीत. तुम्हाला ऐकू येणारी चरचर ही त्या ढिल्या जोडातली ठिणगी असून तिच्यामुळे सॉकेट आतून काळे पडते व तापते. गोव्याच्या पावसाळ्यात, विशेषतः न्हाणीघराजवळच्या सॉकेटात, पितळेवर हिरवट थर चढतो आणि हा त्रास वाढतो. माझ्या स्वतःच्या घरी श्रावणात एक स्वस्त जोडणी इतकी चिकटली होती की, ती उपसताना प्लग हातात आला आणि पिना भिंतीतच राहिल्या. मेन स्विच बंद करून त्या पकडीने काढाव्या लागल्या.

कुवेतच्या चपट्या पिनांचा प्लग मूळ ब्रिटिश पद्धतीचा आहे. त्याच्या सॉकेटात वरच्या अर्थिंगच्या भोकात पिन शिरल्याशिवाय खालच्या दोन भोकांची झाकणे उघडत नाहीत. आखातात राहिलेल्या मंडळींना त्या भोकात पेनाचे टोक खुपसून दोन पिनांचा प्लग आत ढकलण्याची सवय लागते आणि सुट्टीवर आल्यावर हाच प्रयोग आपल्या झाकणवाल्या सॉकेटांवरही होतो. मुलाने तसे केल्यास त्याला जरूर रागवावे.

आता कापण्याविषयी. शेव्हरच्या बहुतेक चार्जरांमध्ये पिनांमागच्या ठोकळ्यातच वीज कमी करणारी यंत्रणा असते आणि तिथून पुढे तारेतून ५ किंवा १५ व्होल्ट एवढीच वीज शेव्हरकडे जाते. ठोकळा टाकून त्या तारेला साधा प्लग जोडला की भिंतीतले २३० व्होल्ट थेट शेव्हरात आणि शेव्हर तुमच्या गालावर, असा प्रकार होईल. त्याऐवजी विजेच्या सामानाच्या दुकानातून आयएसआय खुणेचा, तीन पिनांचा, घट्ट बसणारा अ‍ॅडॅप्टर आणावा आणि दुकानात चार्जर सोबत नेऊन, त्यात खोचून व थोडा हलवून पाहूनच पैसे द्यावेत. दोन शेव्हरांचे चार्जर आपसांत बदलू नका. टोक बसले म्हणजे व्होल्ट जुळले असे होत नाही.

प्रश्न : अमेरिकेहून आलेला जुना शेव्हर पिना बदलणारा अ‍ॅडॅप्टर लावून दोनदा चार्ज केला, तिसऱ्या वेळी जळका वास येऊन तो बंद पडला. अ‍ॅडॅप्टर खराब होता का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : अ‍ॅडॅप्टर बिचारा निर्दोष असावा. तो फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब नाही. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असते आणि तुमच्या चार्जरवर बहुधा तेवढाच आकडा असेल. त्यावर २३० व्होल्ट सोडल्यास दाब दुपटीजवळ जातो, पण साध्या तारेच्या वेटोळ्यात निर्माण होणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे साडेतीनपटींहून अधिक वाढते. दोनदा तो तगला हेच नवल. काही जुन्या शेव्हरांच्या बुडाशी ११० आणि २२० असे आकडे असलेली खाचेची कळ असते; तशी असेल तर तीही पाहावी. शेव्हर स्वतः शाबूत असल्यास त्यावर लिहिलेल्या व्होल्टचा, तेवढ्याच किंवा अधिक अँपिअरचा आणि टोकाचे अधिक-उणे जुळणारा चार्जर शोधावा. केवळ त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर घेणे मला खर्चिक वाटते. नवा घ्यायचाच तर यूएसबी-सी तारेचा घ्यावा, म्हणजे फोनचा चार्जर चालतो. युरोपीय संघाने २०२४च्या डिसेंबरअखेरीस फोन, टॅब्लेट वगैरेंना ते तोंड सक्तीचे केले, शेव्हर मात्र त्या यादीत नाहीत. म्हणून खोक्यावर नीट वाचूनच घ्यावा.

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडमधल्या स्विंडनला चाललो आहे. तिच्या न्हाणीघरातील ‘फक्त शेव्हरसाठी’ असे लिहिलेल्या सॉकेटात फोन चार्ज करता येईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : करू नये. त्या सॉकेटामागे वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, जेणेकरून ओल्या हाताने शेव्हर धरला तरी विजेला जमिनीकडे वाट मिळू नये. पण त्याची ताकद साधारण २० वॉटइतकीच असते. आपला तीन पिनांचा प्लग त्यात शिरणारही नाही. तिथल्या शेव्हरच्या दोन पिना जाडीने आपल्या पिनांसारख्या दिसतात, पण त्यांच्यात १६.६ मिलिमीटर अंतर असते आणि आपल्या पिनांत १९. फोन खोलीतल्या सॉकेटावर, चपट्या पिनांच्या अ‍ॅडॅप्टरने चार्ज करावा. तो निघण्यापूर्वीच इथे घेतलेला बरा, विमानतळावर त्याची किंमत ऐकून दाढी करण्याची इच्छाच जाते.