आईच्या स्तनाच्या कॅन्सरवर एक डॉक्टर आधी केमो म्हणतात, दुसरे आधी ऑपरेशन. कोणाचं ऐकावं?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बायोप्सीचे रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचं काम. म्हणून आधी विचारते, आयएचसीचा, म्हणजे बायोप्सीच्या तुकड्यावर रंग टाकून कॅन्सरच्या पेशींवर कोणती प्रथिनं आहेत ते बघणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट आलाय का? तुम्ही दिलेल्या रिपोर्टच्या मजकुरात ‘इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३’ एवढंच आहे, म्हणजे दुधाच्या नळ्यांत सुरू होऊन आजूबाजूला शिरलेला कॅन्सर. त्यावरून कॅन्सर आहे हे कळतं, उपचार ठरत नाहीत.

आणि ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे, ही धास्ती आधी मनातून काढा. पेशी किती बिघडलेल्या दिसतात तो ग्रेड, आजार किती पसरलाय ती स्टेज. ग्रेड ३ची गाठ पहिल्या स्टेजलाही सापडते.

आयएचसीत ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशींवरचे हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींची वाढ वाढवणारं एक प्रथिन) बघा. पहिल्या दोनपैकी एक जरी पॉझिटिव्ह असलं तरी हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रॅस्टुझुमॅबसारखी औषधं आहेत. हर-टूसमोर ‘२+’ असेल तर निकाल अजून लागलेला नाही, सहसा फिश नावाची तपासणी करावी लागते.

आता तुमचा मूळ प्रश्न. गाठ मोठी असेल, काखेतल्या गाठींत आजार पोचला असेल, किंवा हर-टू पॉझिटिव्ह वा ट्रिपल निगेटिव्ह (तिन्ही निगेटिव्ह) प्रकार असेल, तर बरेचदा केमो आधी देतात. गाठ आकसली तर स्तन वाचवता येऊ शकतो, शिवाय औषध लागू पडतंय की नाही ते दिसतं आणि पुढचं औषध त्यावरून ठरवता येतं. लहान, हार्मोन पॉझिटिव्ह गाठीत बहुधा ऑपरेशन आधी. म्हणजे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. दोघांनाही विचारा, ‘आईच्या रिपोर्टमधल्या कोणत्या गोष्टीमुळे तुम्ही हे सुचवताय?’ सर्जन, मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. तशी सोय असेल तर आग्रह धरा.

सेकंड ओपिनियनला नुसता कागद नेऊ नका. लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या चौकटीवर मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा. पुढच्या तपासण्या त्यातूनच होतात, तेव्हा उन्हात ठेवू नका, हरवू नका.

रिपोर्ट पूर्ण व्हायला आठवडा-दोन आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही. स्तन झपाट्याने लाल होऊन सुजत असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठा.

एक राहिलं. सुरुवातीच्या स्टेजला गाठ काढून रेडिएशन देणं आणि पूर्ण स्तन काढणं, या दोन्हींत जगण्याचं प्रमाण सारखंच राहतं, हे २० वर्षांच्या पाठपुराव्यातून २००२ साली प्रसिद्ध झालंय. असा पर्याय आईसमोर आला तर निवड त्यांची आहे. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.