टोकन देण्याआधी गिअरबॉक्स बघा

जुनी ऑटोमॅटिक गाडी घेताना ट्रायलमध्ये झटका बसला म्हणजे गिअरबॉक्स गेलाच, असं नाही. एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) गाडीत आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं ही कामं तुमच्याऐवजी ॲक्च्युएटर नावाची यंत्रणा करते. गिअर बदलताना मान हलणं हा तिचा स्वभावच. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या प्रकारांतली ऑटोमॅटिक असं करत असेल तर मात्र सावध. मालकाला आधीच बजावून ठेवा, गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिनवर ब्रेक दाबून डी (पुढचा), मग आर (रिव्हर्स) टाका. गिअर उशिरा किंवा धाडकन लागला तर गिअरबॉक्सचं ऑइल बघायला लावा. काळं, करपट वासाचं निघालं तर सरळ दुसरी गाडी शोधा. 'लाइफटाइम ऑइल आहे' म्हणाले तरी बदलल्याचं बिल मागाच. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर ट्रायलनंतर लावा. आधी पुसलेले कोड तोवर परत आलेले असू शकतात.