उत्तर: जिल्ह्याला इशारा नव्हता, मग होड्या आदळल्या कशा?

तुमच्या पोस्टमधलं 'जिल्हा हिरवाच होता हो' (म्हणजे हवामान खात्याचा कुठलाच इशारा नव्हता) हे वाक्य वाचून लिहायला बसलो, कारण हेच वाक्य मीही एका टेबलासमोर उभं राहून म्हटलेलं आहे.

तुमची अडचण थोडक्यात अशी: मालवणजवळ पर्यटकांची होडी, मे महिना. जिल्ह्याच्या अंदाजात 'हवामान कोरडे', वारा नावापुरता. दुपारी नांगरावरची होडी शेजारच्या होडीवर आदळून फुटली. त्याच संध्याकाळी पाहुण्यांचं पुण्याहून गोव्यातल्या मोपा विमानतळावर येणारं विमान रखडलं. आणि आता तुम्ही विचारताय, नक्की कुठला अंदाज खोटा होता?

एकही नव्हता. तुम्ही जमिनीचा अंदाज वाचून समुद्रात गेलात. (मी हवामानशास्त्रज्ञ नाही, होडीवाला आहे. पुढचे ठोकताळे माझे आहेत, सरकारी नियम नव्हेत.)

जिल्ह्याच्या तक्त्यातले रंग पाऊस, विजा, वादळी वारा, उष्णता यांचे असतात. तो तक्ता किनाऱ्यावर संपतो. मच्छीमारांसाठीचा इशारा वेगळा, आणि त्यातही भर असतो तो वाऱ्यावर: ताशी ४० ते ५० किमी, झोत ६० वगैरे. तुमच्या दिवशी वाराच नव्हता, म्हणून तोही गप्प. होडी फोडली ती लांबून आलेल्या लाटेने, म्हणजे स्वेलने. तिचं पत्रक हैदराबादची इन्कॉइस ही संस्था काढते, उंच लाटा आणि स्वेल सर्ज या नावाने. केरळात या प्रकाराला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरटा समुद्र. नाव अगदी चपखल आहे. आपल्याकडे 'आज पाण्याला करंट आहे' एवढं म्हणून आपण मोकळे होतो.

ही लाट दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांची. एका लाटेनंतर दुसरी यायला १८ सेकंद लागत असतील, तर तो सगळा जोर खोल पाण्यातून ताशी साधारण ५० किमी वेगाने सरकतो. ८,००० किमी यायला आठवडा लागतो. वादळ तिकडे विरूनही गेलेलं असतं आणि आपल्याकडे लख्ख ऊन. शिवाय अशा लाटेची लांबी ५०० मीटर, म्हणजे तिला २५० मीटर खोलीवरच तळ लागायला सुरुवात होते. रोजच्या वाऱ्याच्या ६ सेकंदांच्या लाटेला तळ लागतो तो २८ मीटरवर. म्हणून बाहेर मीटरभर दिसणारी लाट उथळ पाण्यात आणि खाडीच्या मुखावर अंगावर उभी राहते.

तेव्हा नुसती उंची बघू नका, सेकंद बघा. १ मीटर आणि ७ सेकंद: खुशाल जा. १ मीटर आणि १६ सेकंद: पर्यटक घेऊन मुखाबाहेर जायचं नाही, ओहोटीत तर नाहीच, कारण बाहेर पडणारं पाणी लाटेला आणखी खडं करतं. पत्रकातली उंचीसुद्धा सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या दुप्पटीच्या जवळ जाते. आणि उधाणाची भरती त्याच दिवशी असेल तर वाळूवर ओढलेली होडीही सुरक्षित नाही.

आता नांगर. बहुतेकांचं नुकसान इथे होतं. शांत पाण्यात खोलीच्या तिप्पट दोर सोडून आपण घरी जातो. मग स्वेल आली की होडी वर उचलली जाते, दोर ताठ होतो, हिसका बसतो आणि नांगर सुटतो. हिशोब असा करा: ओहोटीची खोली ४ मीटर, भरतीचं पाणी २ मीटर, नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची १ मीटर, झाले ७. त्याच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर दोर हवा, नांगराकडचे ४-५ मीटर साखळी. दोर नाळेवर घासतो तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा चिरून बसवा. आणि एवढा दोर सोडलात की होडी फिरायलाही तेवढीच जागा हवी. ती दाटीत नसेल तर होडी खाडीत आत घ्या.

माझीही होडी अशीच फुटली होती. पण माझं खरं नुकसान होडी फुटल्याने झालं नाही, कागदाने झालं. ज्या कार्यालयात भरपाईचा अर्ज गेला (नाव घेत नाही, अजून कामं पडतात), तिथल्या पंचनाम्यात 'हवामान सामान्य' असं लिहिलं गेलं. कारण साहेबांसमोर जिल्ह्याचा हिरवा तक्ता होता. स्वेलचं पत्रक दाखवतो म्हटलं तर 'ते आमच्याकडे येत नाही'. बाहेरच्या फलकावर तीन दिवसांपूर्वीचा कागद, तोही उन्हाने पिवळा पडलेला! चूक माझीही होती: पंचनाम्यावर सही न वाचता केली. तुम्ही ते करू नका. त्या दिवसाच्या पत्रकाचा, पत्रक काढल्याची वेळ दिसेल असा, स्क्रीनशॉट आजच ठेवा, भरतीची वेळ आणि फोटो त्याला जोडा, आणि पंचनाम्यात 'लांबून आलेल्या लाटांमुळे' हे शब्द घालून घ्या. विमा असेल तर पॉलिसीतली वाक्यं वेगळी असतील, ती आधी वाचा.

विमानाचं म्हणाल तर पुणे हा मध्य महाराष्ट्र उपविभाग, तुमच्या जिल्ह्याचा त्याच्याशी संबंध नाही. मेमध्ये तिकडे वळिवाचे ढग दुपारनंतर चढतात. विमानतळाचा अंदाज 'टॅफ' म्हणून मिळतो, पण त्यातली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, साडेपाच तास मिळवायचे. '२५११/२५१४' म्हणजे २५ तारखेला दुपारी ४:३० ते संध्याकाळी ७:३०. त्याच्या आधी 'टेम्पो' आणि नंतर 'टीएसआरए' (गडगडाटी पाऊस) दिसलं (टेम्पो म्हणजे मालाची गाडी नव्हे, अधूनमधून, एका वेळी तासाच्या आत) तर पाहुण्यांना सकाळचं तिकीट काढायला सांगा.

उष्णतेचं एवढंच: किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश किंवा वर आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असलं तरच उष्णतेची लाट म्हणतात, तेही निदान दोन हवामान केंद्रांवर, सलग दोन दिवस. पहिला दिवस जाहीर न होताच भाजून काढतो. खारा वारा अकराला सुटला तर दिवस बरा. पूर्वेच्या वाऱ्याने तो दोन-तीन वाजेपर्यंत अडवला, तर उघड्या होडीत म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊ नका.

हवामान खात्याचा मार्चअखेरीस येणारा एप्रिल ते जूनचा अंदाज फक्त शक्यता सांगतो, त्यावर बुकिंगच्या तारखा ठरवू नका. गुरुवारचा चार आठवड्यांचा अंदाज त्यापेक्षा कामाचा. अरबी समुद्रात काही तयार होतंय का, ते त्यात आधी कळतं. २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ मेच्या मध्यावरच आपल्या किनाऱ्यालगत गेलं आणि २०२५ मध्ये मॉन्सून २६ मेलाच मुंबईत होता, तेव्हा '३१ मेपर्यंत धंदा' हे गणित सोडा. बंदरावर १ नंबरचा बावटा (लांब समुद्रात वादळाची चाहूल) लागला की लोक हसतात. माझ्या मते दोर वाढवायची वेळ तीच, ३ नंबर (बंदरालाच धोका) लागल्यावर धावपळ होते.

मोबाइलच्या ॲपमध्ये पिन गावावर असेल तर ती १० किमी समुद्रात सरकवा. गावावरची पिन जमिनीचा चौकोन दाखवते, लाटेचे आकडे तिथे नसतात किंवा भलतेच असतात.