'टाउनशिप इकॉनॉमी'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: दक्षिण आफ्रिकेतल्या गौटेंग प्रांताने (जोहान्सबर्ग याच प्रांतात येतं) २०२२ मध्ये 'टाउनशिप इकॉनॉमिक डेव्हलपमेंट' नावाचा कायदा केला, त्यावर मराठीत लेख लिहायचाय, तर टाउनशिपला 'नगर वसाहत' लिहू की 'उपनगर', आणि 'टाउनशिप इकॉनॉमी'चं काय करू?

माझं सरळ मत, टाउनशिपच ठेवा. फक्त लेखात पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात तिथली टाउनशिप म्हणजे काय ते सांगून टाका, नाहीतर वाचकाची गाडी भलत्याच रस्त्याला लागणार.

'नगर वसाहत' हा सरकारी मराठीतला शब्द आहे खरा, आपल्याकडच्या टाउनशिपच्या नियमांत हाच शब्द छापलेला असतो. पण पुण्यातल्या माणसाला टाउनशिप म्हटलं की मगरपट्टा आठवणार, गेटवर सिक्युरिटी, आत क्लब हाऊस वगैरे. जोहान्सबर्गला टाउनशिप म्हणजे गोऱ्यांच्या शहरात काळ्या माणसाने कामाला यायचं पण राहायचं नाही, म्हणून सरकारनेच शहराबाहेर आखून दिलेली वस्ती. १९२३ च्या नेटिव्हज अर्बन एरियाज कायद्याने याला रीतसर चौकट दिली आणि १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने कुठल्या वंशाने कुठे राहायचं ते नकाशावर रेघा मारून ठरवलं, त्यात भारतीयांसाठी लेनेशिया, चॅट्सवर्थ अशा वेगळ्या टाउनशिप झाल्या. जोहान्सबर्गची प्रसिद्ध टाउनशिप सोवेटो, तिचं नावसुद्धा 'साउथ वेस्टर्न टाउनशिप्स'ची आद्याक्षरं जोडून १९६३ मध्ये केलेलं आहे.

'वसाहत'मध्ये अजून एक गोची आहे. एक तर वसाहतवाद लगेच आठवतो, आणि दुसरं म्हणजे आपल्याकडे 'औद्योगिक वसाहत' म्हटलं की कारखाने आलेच, उलट टाउनशिपमध्ये नेमकं तेच नव्हतं, माणसांनी रात्री झोपावं आणि पहाटे ट्रेन पकडून शहरात राबायला जावं एवढ्यापुरतीच ती जागा. 'उपनगर' तर अजिबात नको, दक्षिण आफ्रिकेत सबर्ब म्हणजे बंगले आणि हिरवळ, म्हणजे टाउनशिपच्या अगदी विरुद्ध टोक. 'झोपडपट्टी'ही नाही, कारण चार खोल्यांची ती एकसारखी घरं सरकारने बांधलेली होती, झोपड्या त्यांच्या परसात आणि आजूबाजूला नंतर उभ्या राहिल्या.

जुना शब्द 'लोकेशन' असा होता. जोहान्सबर्गच्या 'कुली लोकेशन'बद्दल, म्हणजे तिथल्या भारतीयांच्या वस्तीबद्दल, गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय. १९०४ मध्ये प्लेग आला तेव्हा नगरपालिकेने ते लोकेशन जाळून टाकलं आणि लोकांना शहरापासून लांब क्लिपस्प्रूटला हलवलं, तोच भाग पुढे सोवेटोत गेला. याच शब्दाचं आफ्रिकान्स भाषेतलं रूप 'लोकासी', आणि त्यातून आजचं 'कासी', जे तिथली पोरं आता मिरवत म्हणतात. मराठीत मात्र 'लोकेशन' वापरू नका, आपल्याकडे ते आता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची गोष्ट झालीय.

आता 'टाउनशिप इकॉनॉमी'. 'टाउनशिपची अर्थव्यवस्था' हे चुकीचं नाही, पण अर्थव्यवस्था म्हटलं की जीडीपी आणि रिझर्व्ह बँक डोळ्यापुढे येते आणि इथे तर बोलणं चाललंय केशकर्तनालय, गॅरेज, परसातल्या भाड्याच्या खोल्या आणि घरातूनच चालणाऱ्या दुकानांबद्दल, म्हणून मला 'टाउनशिपमधलं अर्थकारण' जवळचं वाटतं. कायद्याच्या नावात 'आर्थिक विकास' राहू द्या, लेखात अर्थकारण लिहा.

जास्त घोळ पुढच्या शब्दात आहे. २०१४ पासून गौटेंग सरकारचं धोरण 'टाउनशिप इकॉनॉमी रिव्हायटलायझेशन' या नावाने चाललंय, आणि त्याचं मराठी सगळे डोळे झाकून 'पुनरुज्जीवन' करतील. पण पुनरुज्जीवन कशाचं करायचं, तिथे धंदा वाढूच दिला नव्हता! १९६३ च्या नियमांनी काळ्या दुकानदाराला एकापेक्षा जास्त धंदा करायची मनाई केली, कंपनी किंवा भागीदारी काढायची नाही, आणि विकायचं ते रोजच्या गरजेपुरतंच. सोवेटोतले नावाजलेले व्यावसायिक रिचर्ड मपोन्या यांचं उदाहरण बघा. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात त्यांना सोवेटोत कपड्यांचं दुकान टाकायचं होतं, नेल्सन मंडेला आणि त्यांचे सहकारी ऑलिव्हर टाम्बो यांच्या वकिली फर्मने बाजू मांडूनही लायसन काही मिळालं नाही, मग त्यांनी पोरांना सायकली देऊन घरोघर दूध पोचवायला सुरुवात केली, कारण घरांत वीज नव्हती आणि दूध टिकायचं नाही. त्याच माणसाचा मपोन्या मॉल सोवेटोत उघडला २००७ मध्ये, उद्घाटनाला स्वतः मंडेला. हे वाचल्यावर 'पुनरुज्जीवन' शब्द हातातून लिहवत नाही, मी तरी 'उभारणी' किंवा 'बळ देणं' म्हणेन. सरकारी नावाचं शब्दशः भाषांतर द्यायचंच असेल तर अवतरणात टाका आणि पुढे जा.

कायद्यातल्या 'एंटरप्राइज'ला 'उद्योग' लिहिलंत की वाचक कारखान्याची चिमणी शोधायला लागतो, त्यापेक्षा 'व्यवसाय' लिहा. म्हणजे कायद्याचं म्हणणं मराठीत साधारण असं येईल: सरकारी खरेदीत टाउनशिपमधल्या व्यावसायिकांना वाटा मिळावा, त्यांना भांडवल मिळायची सोय व्हावी, आणि राहत्या वस्तीत धंदा करायला आडवे येणारे नगरपालिकेचे नियम सैल व्हावेत.

'स्पाझा' हा शब्द लेखात येणारच. घराच्या एका खोलीत किंवा गॅरेजमध्ये थाटलेलं किराणा दुकान म्हणजे स्पाझा. मूळ अर्थ 'लपवलेलं' असा सांगतात, आणि ते पटतं, कारण बिनपरवाना धंदा लपूनच चालायचा. 'टपरी' नको, टपरी रस्त्यावर असते आणि तिला चहा-सिगरेटचा वास येतो. स्पाझाच ठेवा, एकदा 'घरगुती किराणा दुकान' असं सांगा. नोव्हेंबर २०२४ मध्ये दूषित खाण्यातून विषबाधा होऊन लहान मुलं दगावली तेव्हा राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी या दुकानांना नोंदणीसाठी २१ दिवस दिले होते, नंतर मुदत वाढवली, त्यामुळे हा शब्द तिथल्या बातम्यांत सारखा दिसतो.

'स्टोकव्हेल'ला मात्र बिनधास्त 'भिशी' लिहा. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकाने उचलायची, यात समजवायचं काय? स्टोकव्हेलचे बाकी प्रकारही असतात, वर्षअखेरीला मिळून किराणा भरायचा वगैरे, पण तेही भिशीवाल्या मंडळींना नवं नाही.

शेवटी एक सापळा. दक्षिण आफ्रिकेच्या जमिनीच्या कागदपत्रांत 'टाउनशिप' म्हणजे रीतसर मंजूर झालेला कुठलाही प्लॉट पाडलेला लेआउट, मग तो सँडटनसारख्या श्रीमंत भागातला का असेना. म्हणून अशा कागदांत 'टाउनशिप रजिस्टर' आलं तर ते लेआउटमधल्या प्लॉटांचं नोंदणीपुस्तक, तिथे गरीब वस्तीचा अर्थ घुसवू नका. आणि चीनबद्दलच्या लेखातल्या 'टाउनशिप अँड व्हिलेज एंटरप्रायझेस'चा तर या कशाशीच संबंध नाही, तिथे टाउनशिप म्हणजे ग्रामीण प्रशासनाचा एक स्तर, त्याला एकवेळ 'मंडल' चालेल.